जर्बिल

जर्बिल : स्तनी वर्गाच्या कृंतक (कुरतडणाऱ्या) गणातील म्यूरिडी कुलाच्या जर्बिलिनी उपकुलातील प्राणी. पूर्वी याचा समावेश हॅम्स्टरबरोबर क्रिसेटिडी कुलात करीत. हॅम्स्टरची शेपटी आखूड असून दाणे वाहून नेण्यासाठी त्याला गालपिशव्या असतात. जर्बिलाची शेपटी लांब असते व त्याला गालपिशव्या नसतात.

भारतीय जर्बिलाचे शास्त्रीय नाव टटेरा इंडिका असे आहे. सिरियापासून श्रीलंकेपर्यंत त्याचा प्रसार आहे. शरीराची लांबी १५ ते २० सेंमी. असून शेपटी त्याहून थोडी लांब असते व तिच्या टोकाशी काळ्या केसांचा झुबका असतो. पाठ फिकट तपकिरी व पोट पांढरे असते. मागचे पाय लांब असल्याने तो लांब उड्या मारतो. म्हणून इंग्रजीत त्याला ‘हरिण-उंदीर’ या अर्थाचे नाव पडले आहे.

कोरडी, मुरमाड माळराने, पडीक जमिनी व शेतांचे बांध ही त्याची राहण्याची ठिकाणे होत. बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिणेकडील पठारावर अशी जमीन पुष्कळ आहे. उत्तरेकडील पूर्णा खोऱ्यासारख्या भारी काळ्या जमिनीत मात्र मऊ केसांचा शेत-उंदीर (मिलार्डिया मेल्टाडा) उन्हाळ्यात भेगांचा आसरा घेतो आणि जोरदार पावसात त्यांपैकी पुष्कळ मरतात. जर्बिल स्वतः बीळ खणतो. बिळाला अनेक वाटा असतात. दिवसा तो तोंडे भुसभुशीत मातीने आतून बंद करतो. एखादी वाट जमिनीच्या पृष्ठालगत संपते. साप आत शिरल्यास वरचा मातीचा थर फोडून तो निसटतो. आतल्या पोकळीत गवताचे घरटे असते. गर्भावधी सुमारे चार आठवड्यांचा असून पिल्ले जन्मतः आंधळी व केसहीन असतात.

जर्बिल निशाचर आहे. बी, मुळे, हिरवा पाला व कीटक हे त्याचे अन्न होय. पेरलेले बी व कणसे खाल्ल्याने पिकांचे नुकसान होते. शिवाय जंगली प्लेगाच्या जंतूंचा साठा राखणाऱ्या कृंतकांत त्याची गणना होते. घुबड, धामण, खोकड, मुंगूस व रानमांजर हे त्याचे शत्रू असून त्याच्या संख्येला आळा घालतात. ब्रोमॅडिओलोनासारखे रक्त गोठू न देणारे विष खाल्लेले उंदीर भक्षिल्यास या शत्रूंनाही विषबाधा होते आणि नैसर्गिक आळा दुबळा पडतो. म्हणून बांध स्वच्छ ठेवणे, वापरातील बिळे ओळखून तेवढ्यांतच आमिष घालणे व मेलेले प्राणी पुरून टाकणे आवश्यक असते.