जुनी गाडी : दुरुस्त करावी की भंगारात द्यावी?

सोलापूरच्या कष्टकरी वस्त्यांत चारचाकी दिसते ती बहुधा हातफिरती. कुणाची मारुती 800, कुणाची ओम्नी, कुणाची इंडिका. यंत्रमागावर आणि विडीवर राबलेल्या घरात गाडी येते ती चैन म्हणून नव्हे. म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायचे असते, लग्नकार्य असते, नाहीतर शाळेची मुले पोहोचवून चार पैसे मिळवायचे असतात. म्हणून गाडी थकली की प्रश्न साऱ्या घराचा होतो. मेकॅनिक म्हणतो, इंजिन खोलावे लागेल. भंगारवाला दारात येऊन भाव करतो. आम्ही कारकुनी पेशातली माणसे. हा प्रश्न वही उघडूनच सोडवावा असे आम्हांला वाटते.

कायदा काय म्हणतो?

‘पंधरा वर्षे झाली, गाडी बाद’ असे सर्रास बोलले जाते. ते खरे नाही. 10 वर्षे डिझेल आणि 15 वर्षे पेट्रोल हे बंधन दिल्ली परिसरासाठी आले. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षे चालते. पुढे आरटीओत तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते.

मात्र ही वाढ आता स्वस्त राहिलेली नाही. मोटारीच्या पुनर्नोंदणीची 600 रुपये फी 1 एप्रिल 2022 पासून 5,000 झाली. ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांहून जुन्या मोटारीसाठी ती 10,000 आणि दुचाकीसाठी 2,000 करण्यात आली. पर्यावरण कर आणि विमा वेगळा. म्हणजे पान्याला हात लागण्यापूर्वीच मोठी रक्कम जाते. ती दुरुस्तीच्या खर्चात धरलीच पाहिजे.

रिक्षा-टॅक्सीचे नियम आणखी कडक. धंद्याच्या वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागते. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा आहे. तिथली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी 2003 मध्ये नोंदलेली होती. ऑक्टोबर 2023 मध्ये ती रस्त्यावरून गेली. इंजिन चालू असले तरी कागद संपला की धंदा संपतो, हे आपल्या रिक्षावाल्या बांधवांनी ध्यानात ठेवावे.

गाडीची प्रकृती

ब्रेक, क्लच, बॅटरी, टायर हे झिजणारेच भाग. त्यांच्यासाठी गाडी टाकू नये. निळा धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे. थंड इंजिनाचा थोडा पांढरा धूर ही वाफ असते, पण इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला व पाणी कमी होत गेले, तर हेड गॅस्केट तपासावे. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात रेडिएटर आणि पाण्याचे पाइप आधी दगा देतात. ते काम थोडक्यात होते. पण तापलेली गाडी तशीच दामटली तर थोडक्याचे काम इंजिनावर जाते.

खरा शत्रू गंज. गाडी वर उचलून खालचा पत्रा आणि चासी पाहावी. चासी गंजून पोकळ झाली असेल तर कितीही रंग मारा, ती कुटुंबाला बसवण्याजोगी नाही. तिथे पैसा घालू नये. दोन गॅरेजांतून खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. मारुती 800 चे उत्पादन 2014 मध्ये, इंडिकाचे 2018 मध्ये आणि ओम्नीचे 2019 मध्ये थांबले. म्हणून हवा तो सुटा भाग मिळतो का, हेही आधीच विचारावे.

वहीतला हिशेब

‘गेल्या वर्षी वीस हजार घातले, आता कशी सोडू?’ हा विचार फसवा आहे. गेलेला पैसा दोन्ही बाजूंना गेलेलाच. पुढचे पाहावे. उदाहरण घेऊ. दुरुस्ती, फी, कर आणि विमा मिळून 30,000 लागतात. गाडी आहे तशी विकली तर 18,000 येतात. मग ती ठेवण्याची किंमत 30,000 नव्हे, 48,000 झाली. गाडी आणखी दोन वर्षे चालणार असेल तर महिना 2,000 पडले. दुसरी जुनी गाडी दीड लाख कर्ज काढून घेतली तर तीन वर्षे महिना पाच हजारांच्या आसपास हप्ता. इथे दुरुस्ती परवडते. पण तीच गाडी सहाच महिने चालणार असेल तर महिना 8,000 पडले. मग ती सोडावी.

तिसरा रस्ता लोक विसरतात. गाडी महिन्यातून दोनदाच निघत असेल तर भाड्याची गाडी स्वस्त पडते. गाडीसाठी घरातल्या बाईचा दागिना गहाण पडणार असेल, तर वहीपुढे तिलाही बसवावे. निर्णय तिचाही आहे.

भंगारात देताना सावधान

सर्वांत मोठा धोका इथे आहे. भंगारवाला रोख मोजतो, गाडी नेतो, आणि आरसी बुकावर नाव आपलेच राहते. ती गाडी कुणी पुन्हा रस्त्यावर आणून अपघात केला तर? नाव बदलले नसेल तर कागदावरचा मालकच भरपाईला जबाबदार, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये दिला आहे. दहा-पंधरा हजारांसाठी घर पणाला लागते.

म्हणून गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्यावी. जवळचे केंद्र कुठे आहे ते आरटीओत विचारावे. तिथे ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळते. ते दाखवले की नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते आणि केंद्राच्या नियमाप्रमाणे खाजगी गाडीच्या करात 25 टक्क्यांपर्यंत, धंद्याच्या गाडीच्या करात 15 टक्क्यांपर्यंत सूट राज्याला देता येते. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर आधी उतरवावा, आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद हाती घेऊन जपून ठेवावा.

गाडी दुरुस्त करा किंवा मोडीत काढा, दोन्हींत कमीपणा नाही. मात्र लेखी अंदाज, हिशेबाचे पान आणि आरटीओचा कागद या तीन गोष्टी हातात असल्याशिवाय पैसा आणि किल्ली दोन्ही हातातून सोडू नका.