जुन्या सायकलीचे मोल

'जुने ते सोने' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने जुनी सायकल विकायला काढली नसावी. नवी कोरी सायकल घेऊन पंधरा दिवसांनी ती परत विकायला गेलो, तर घेणारा तिच्याकडे अशा नजरेने पाहतो, की जणू आपण भंगारच उचलून आणले आहे. उलट, वीस वर्षे राबलेली काळी सायकल एखाद्या पाड्यावर हातोहात खपते आणि घेणाराही समाधानी असतो. हे असे का व्हावे? जुन्या सायकलीची किंमत नेमकी ठरते तरी कशावर? अर्थशास्त्राच्या तासाला मागणी-पुरवठ्याचे वक्र काढता काढता हा प्रश्न माझ्या मनात घोळू लागला. त्याचे जे उत्तर मला सुचले ते येथे मांडतो.

आमच्या वेवजीसारख्या गावात हा प्रश्न करमणुकीचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे पंचेचाळीस टक्के कुटुंबांकडे सायकल होती. मोटारसायकली वाढल्या तरी पाड्यावरून शाळेला जाणारी मुले, उंबरगावच्या कारखान्यांत पाळीला जाणारे कामगार आणि बाजाराला भाजी नेणारे शेतकरी यांचे सायकलीवाचून अडतेच. २०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. म्हणजे सायकलीच्या सौद्यात सहाशे रुपये कमी आले, तर जवळजवळ दोन दिवसांची मजुरी वाऱ्यावर गेली असे समजावे.

एका सायकलीच्या तीन किमती

जुन्या सायकलीला एक किंमत नसते, तीन असतात. पहिली भंगाराची. साधी काळी सायकल अंदाजे वीस किलो भरते. भंगारवाला तिला लोखंड म्हणून तोलतो. ती चालते की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ह्या किमतीच्या खाली सायकल कधी जात नाही. दुसरी किंमत चालत्या सायकलीची. दुरुस्त होऊन, तेलपाणी होऊन रस्त्यावर उभी राहिली की गरजू माणूस जे देईल ती. ही किंमत अर्थातच नव्या सायकलीच्या किमतीला बांधलेली असते. आणि तिसरी, आहे त्या स्थितीतली. ही दुसऱ्या किमतीतून दुरुस्तीचा खर्च आणि घेणाऱ्याचा नफा वजा केला म्हणजे निघते.

एक हिशेब मांडून पाहू. पुढील आकडे बाजारभाव नव्हेत, केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. चालत्या स्थितीत सायकलीला २,५०० रुपये येतील असे धरा. टायर-ट्यूब, चेन, ब्रेकची रबरे आणि मजुरी मिळून दुरुस्तीला १,४०० रुपये लागणार. राहिले १,१००. दुकानदाराने त्यातून आपला नफा आणि जोखीम म्हणून ३०० काढले, तर तो देईल ८००. भंगाराचा दर किलोला २५ रुपये धरला तर वीस किलोचे होतात ५००. आता ज्याने भंगारात घातली त्याला ५०० मिळाले. ज्याने दुकानदाराला दिली त्याला ८००. आणि ज्याने स्वतः दुरुस्त करून विकली त्याच्या हाती खर्च वजा जाता १,१०० राहिले. सायकल तीच, फरक सहाशेचा! मात्र दुरुस्तीचा खर्च दोन हजारांच्या वर जात असेल तर मुकाट्याने भंगारवाल्याला हाक मारावी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा व्यवहार कोणी करू नये.

नव्या सायकलीची किंमत हलली की जुनीचीही हलते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. मूळ किंमत ५,००० रुपये असलेली सायकल पूर्वी करासह ५,६०० ला पडे. नव्या दराने ती ५,२५० ला पडते. घेणाऱ्याच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट. पण ज्याच्या दारात जुनी सायकल विकायला उभी आहे, त्याची किंमतही ह्या कपातीने थोडी खाली ओढली जाणार, हे ओघानेच आले.

शंकेची किंमत

आता पहिल्या कोड्याकडे वळू. पंधरा दिवसांत सायकल झिजत नाही, मग तिची किंमत का कोसळते? जॉर्ज अकेरलॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्याला मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: जुन्या वस्तूचे गुणदोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा मनात वाईटच गृहीत धरतो आणि तेवढीच किंमत देऊ करतो. चांगली वस्तू असलेला माणूस एवढ्या कमी किमतीला विकायला धजत नाही. तो बाजारातून बाहेर पडतो. मग बाजारात वाईटच माल उरतो आणि घेणाऱ्याची शंका खरी ठरते!

पंधरा दिवसांची सायकल विकायला आलेली पाहून घेणाऱ्याच्या मनात हेच येते: "हिच्यात खोट नसती तर ह्याने काढली कशाला?" किंवा त्याहून वाईट, "ही चोरीची तर नसेल?" किंमत पडते ती ह्या शंकेमुळे. आणि पाड्यावरची वीस वर्षांची सायकल का खपते? कारण तिचा सारा इतिहास पाड्याला पाठ असतो. ती कोणी घेतली, कोणी वापरली, कोणत्या पावसात ओढ्यात पडली आणि कोणी तिचा चिमटा सरळ करून दिला, हे सर्वांना ठाऊक. तेथे शंकेला जागा नाही, म्हणून शंकेची वजावटही नाही. आमच्या पाड्यांवर जुनी सायकल काकांकडून पुतण्याकडे, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाते, ती केवळ मायेपोटी नव्हे. त्यात दोघांचाही आर्थिक फायदा आहे.

ज्याला असा परिचय नाही त्याने स्वतःच्या डोळ्यांवर भिस्त ठेवावी. पाहण्याचा क्रम खर्चाच्या क्रमाने असावा. आधी फ्रेम. ती गेली तर सायकल गेली. हँडलखाली दोन्ही दांड्यांवरचा रंग सुरकुतलेला दिसला तर समोरून धडक बसली आहे असे समजावे. पायडलांच्या आसाभोवतीचा चिखल खरवडून सांधे पाहावेत. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत गंज प्रथम तेथेच घर करतो. मग चिमटा वाकला आहे का ते पाहावे. मग चाक उचलून फिरवावे. डुलत असेल तर आउट काढून भागेल, पण रिमच गंजून पातळ झाली असेल तर नवी लागेल. क्रँक हाताने हलवून पाहावी. खडखडली तर कॉटर पिन किंवा आतले छर्रे गेलेले असतात. टायर, घंटी आणि गादी सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक मात्र उलटे करतात. चकचकीत गादी आणि नवी घंटी पाहून भुलतात आणि विकत श्राद्ध घेतात.

सुटे भाग आणि टिकणारी किंमत

साध्या काळ्या सायकलीची किंमत टिकण्याचे आणखी एक कारण आहे. मद्रासजवळ अंबत्तूरला तयार होणारी हर्क्युलिस असो, सोनीपतची अॅटलस असो की लुधियानाची हीरो. अठ्ठावीस इंची चाकाच्या ह्या सायकलींचे बहुतेक भाग एकमेकींना बसतात. टायर, चेन, फ्रीव्हील, पायडल कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात. अॅटलसने जून २०२० मध्ये आपल्या साहिबाबादच्या कारखान्यातील काम थांबवले, नेमके जागतिक सायकल दिनी. पण त्यामुळे कोणाच्या घरची अॅटलस निकामी झाली नाही. गिअरच्या आणि शॉकअपच्या शहरी सायकलींचे तसे नाही. त्यांचे भाग मॉडेलागणिक बदलतात, दुरुस्तीला हात शिकलेला लागतो आणि भाग न मिळाल्यास सारी सायकल कोपऱ्यात पडते. म्हणून महाग सायकल वेगाने स्वस्त होते आणि स्वस्त सायकल आपली किंमत धरून राहते.

मुलींच्या सायकलींची गोष्ट जरा निराळी. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून आणि गुजरातेत सरस्वती साधना योजनेतून विद्यार्थिनींना सायकली मिळतात. एकाच वर्षी एकाच घाटाच्या अनेक सायकली आल्या, की काही वर्षांनी त्या एकदमच जुन्या होतात आणि विकायला काढल्यास किंमत येत नाही. अशी सायकल भंगारात घालण्यापेक्षा धाकट्या बहिणीच्या हाती देणे केव्हाही शहाणपणाचे. घरापासून शाळा लांब असेल तर त्या सायकलीवर एका मुलीचे शिक्षण तोललेले असते.

'जुनी द्या, नवी न्या'

अदलाबदलीच्या योजनेत खरी मेख असते. दुकानदार म्हणतो, "नवी ५,२५० ची, तुमच्या जुनीचे १,००० धरतो." आपण खूश. पण हाच दुकानदार रोखीच्या गिऱ्हाइकाला ४०० रुपये सूट देत असेल, तर आपल्या जुन्या सायकलीचे त्याने खरे ६००च धरले. बाकीचे ४०० आपल्याला तसेही मिळणारच होते. म्हणून जुनी सायकल दाराबाहेर उभी करूनच दुकानात शिरावे आणि आधी विचारावे, "शेठ, रोख घेतली तर शेवटचा भाव काय?" तो आकडा कळला की मग जुनीचा विषय काढावा. दोन सौदे वेगळे ठेवले की दोन्ही स्वच्छ दिसतात. एकात एक घातले की हिशेब दुकानदाराच्या हाती जातो. यात दुकानदाराला दोष देण्याचे कारण नाही. त्यालाही जुनी सायकल दुरुस्त करायची, ठेवायला जागा द्यायची आणि गिऱ्हाइकाची वाट पाहायची असते. आपला त्रास वाचतो त्याचे मोल तो घेतो. ते किती, एवढे आपल्याला कळले पाहिजे.

सीमा आणि कागद

वेवजी हे सीमेवरचे गाव. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे दोन भाग झाले. उंबरगाव गुजरातेत गेले आणि वेवजी महाराष्ट्रात राहिले. शेजारचे सोळसुंबा गुजरातचे. मोटारसायकल ह्या सीमेपलीकडे विकायची तर ना-हरकत दाखला, नोंदणीचा बदल असे सोपस्कार करावे लागतात. सायकलीला परिवहन कार्यालयाची नोंदणीच नाही. ती सकाळी महाराष्ट्रात आणि दुपारी गुजरातेत सुखाने विकता येते. त्यामुळे आपल्याला एकाऐवजी दोन बाजार मिळतात, ही जमेची बाजू.

पण नोंदणी नाही म्हणजे मालकीचा पुरावाही नाही, ही खर्चाची बाजू. १९३० च्या मालविक्री कायद्याचे तत्त्व असे, की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असेल तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. चोराकडून पैसे मोजून घेतली तरी सायकल आपली होत नाही. आणि चोरीची आहे हे जाणून, किंवा तसे मानण्यास कारण असताना घेतली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तो गुन्हा ठरतो. यावर उपाय फुकटचा आहे. फ्रेमवर ठोकलेला क्रमांक असतो. नव्या सायकलीचे बिल घेताना तो क्रमांक त्यावर लिहून घ्यावा आणि बिल शिधापत्रिकेबरोबर जपून ठेवावे. विकताना साध्या कागदावर क्रमांक, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या घ्याव्यात. ह्या एका कागदाने घेणाऱ्याची अर्धी शंका जाते, आणि जेवढी शंका जाते तेवढी किंमत चढते.

फार थोड्या सायकलींच्या नशिबी याहून निराळी गती असते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची रॅले किंवा बी.एस.ए. मूळ भागांसह शाबूत असेल, तर ती वाहन न राहता संग्राह्य वस्तू होते. पुण्यात कर्वेनगर येथे विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय २०१७ साली सुरू झाले. त्यात दुसऱ्या महायुद्धातील छत्रीधारी सैनिकांची घडीची सायकलही आहे. तेव्हा आजोबांची सायकल माळ्यावर असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तिच्यावरचे नाव पुसून पाहावे. मात्र अशा सायकलीला नवा रंग देऊ नये. जाणकार मूळ रंगालाच पैसे मोजतो.

अॅडम स्मिथने १७७६ सालीच वस्तूची उपयुक्तता आणि तिची विनिमयाची किंमत यांत फरक केला होता. पाणी अत्यंत उपयोगी पण स्वस्त. हिरा निरुपयोगी पण महाग. जुनी सायकल ही पाण्याच्या जातीची. बाजार तिला आठशे रुपये म्हणतो, पण तीच सायकल रोज कोणाला कामावर नेऊन आणत असेल, तर तिचे वर्षाचे काम त्या आठशेच्या कितीतरी पुढे जाते. बाजारातल्या आकड्यात तिच्या कामाचे मोल नसते; त्यात घेणाऱ्याच्या मनातली शंका तेवढी मोजलेली असते. म्हणून माझ्या मते जुन्या सायकलीची किंमत तिच्या वयावर नव्हे, खात्रीवर ठरते. ती खात्री तेलाच्या चार थेंबांनी, एका बिलाने आणि शेजाऱ्याच्या शब्दाने निर्माण करता येते. एवढे करूनही मनाजोगी किंमत आली नाही, तर खुशाल ती सायकल चालवीत राहावे.

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)