पत्त्यांसकट दिलेले गाणे

सुरतेस गाण्याच्या मास्तराकडे लोक येतात ते बहुधा दोन कारणांनी. मुलीला परीक्षेस बसवावयाचे असते, नाही तर नवरात्रासाठी गरबा बसवून हवा असतो. गेल्या पावसाळ्यात सहासात मुलेमुली आमच्या जिन्याच्या पायऱ्या चढून आली ती मात्र तिसऱ्याच कारणाने. सगळी इंजिनियरिंगच्या वर्गातली. त्यांपैकी दोघे लिंबायतचे, म्हणजे मूळ खानदेशातले. एक मुलगी गंजाम जिल्ह्यातून मागावर कामाला आलेल्या ओडिया कुटुंबातली. बाकीची इथलीच गुजराती. छत्र्या कोपऱ्यात ठेवून ती सतरंजीवर बसली आणि त्यांच्यातला एक म्हणाला, "सर, आम्हाला सगळ्यांनी मिळून एक गाणं करायचं आहे. मुक्त सॉफ्टवेअरवर."

मला हसू आले. अल्पबचतीवरचे आणि कुटुंबनियोजनावरचे पोवाडे आपण पुष्कळ ऐकले. पण संगणकाच्या आज्ञावलीवर गाणे? मुलांनी सांगितले की, २००४ सालापासून जगभर या मुक्त सॉफ्टवेअरचा एक दिवस पाळतात, सहसा सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी. त्या दिवशी कॉलेजात भाषण कोणी ऐकत नाही, गाणे ऐकतील. मी म्हटले, "आधी मला समजेल असे सांगा. मला समजले नाही, तर सुरात बसणार नाही."

तेव्हा लिंबायतच्या मुलाने जे सांगितले, ते कोणत्याही पुस्तकापेक्षा सोपे होते. त्याचे वडील जेकार्डच्या मागावर आहेत. १८०४ साली फ्रान्समध्ये जोसेफ मारी जाकार याने हा माग सिद्ध केला. त्यात पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडलेली असतात. जिथे भोक तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, जिथे भोक नाही तिथे तो खालीच राहतो, आणि त्यातून कापडावर वेलबुट्टी उमटते. इंग्लंडातल्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणिती यंत्राच्या आराखड्यात हीच पत्त्यांची कल्पना घेतली. म्हणजे आजच्या संगणकाचा एक पूर्वज सुरतेच्या गल्लीत कालपरवापर्यंत खडखडत होता. आता पुष्कळ ठिकाणी पत्ते जाऊन विजेच्या जेकार्डवर संगणकातूनच नक्षी चढते. मुलगा म्हणाला, "सर, दुकानदार तुम्हाला कापड देतो. त्याचे पत्ते देत नाही. कापड तुम्ही नेसा. पण वेल थोडी लहान करायची म्हटलं, तर पुन्हा त्याच्याच दारात. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे कापडाबरोबर पत्तेही देणं."

मला एकदम समजले. आमच्या भाषेत सांगावयाचे, तर मैफलीत चीज ऐकवणे निराळे आणि स्वरलिपीसकट ती हाती देणे निराळे.

या विचाराचा प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन हा अमेरिकन. १९८३ साली त्याने जाहीर केले की, कोणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता येईल अशी संगणकाची संपूर्ण व्यवस्था आपण उभी करणार. हीच ती चार स्वातंत्र्ये. १९८९ साली त्याने त्यासाठी एक परवाना बांधून दिला; फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेला लिनक्स पुढे त्याच परवान्याखाली आला. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशातला अँड्रॉइड फोन त्या लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. 'मुक्त स्रोत' हे नाव मागाहूनचे, १९९८ मधले. आणि गंमत अशी की, या स्टॉलमनने स्वतः या विषयावर गाणे रचले आहे, तेही 'सादी मोमा' या बल्गेरियन लोकगीताच्या चालीवर. मुलांनी ते मला ऐकवले. गळा यथातथाच; पण मी मात्रा मोजू लागलो आणि सावरून बसलो. सात मात्रा! रूपकाशी आपले नाते असे कुठवर पोहोचले आहे, याचे मला कौतुक वाटले.

पुढच्या रविवारी प्रत्येकाने आपापले कडवे आणले. ते गाणे नव्हते, घोषणांचा ढीग होता. एकाच्या कडव्यात तर आज्ञावल्यांची अकरा नावे ओळीने होती. नैवेद्याची यादी वाचावी तशी. दुसऱ्याने 'मफत, मफत' असा पालुपदाचा धोशा लावला होता. त्यावर ओडिया मुलगी उसळली. इंग्रजीत मुक्त आणि फुकट या दोहोंना एकच शब्द असल्याने तिकडे केवढा घोळ होतो; आपल्याकडे दोन चांगले वेगळे शब्द असताना आपण तो घोळ विकत का घ्यावा, असे तिचे म्हणणे. मला ते पटले. 'मफत' गेला.

मी त्यांना भातखंड्यांची लक्षणगीते ऐकवली. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) हे पेशाने वकील. हिंदुस्थानभर फिरून घराण्याघराण्यांतून चिजा मिळवाव्या, स्वरलिपीत उतरवाव्या आणि छापून सर्वांच्या हाती द्याव्या, हा त्यांचा उद्योग. 'क्रमिक पुस्तकमालिके'चे सहा भाग हे त्याचे फळ, आणि तेही मराठीत. १९१६ सालच्या मार्चमध्ये अखिल भारतीय संगीत परिषद आपल्या बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने भरली, त्यामागेही त्यांचीच खटपट होती. त्यांनी 'चतुर' या मुद्रेने रचलेल्या लक्षणगीतांत रागाचे नियम त्याच रागात गाऊन सांगितलेले असतात. गाणारा गाता गाता राग शिकतो. मी म्हटले, "आपले गाणेही असेच हवे. परवान्याची अट गाण्यातच सांगा, आणि गाणे त्याच अटीने द्या."

त्या दिवशी सगळ्यांनी मिळून दोन ओळी जुळवल्या:

घे रे घे पत्ते हे, वीण तू नवे काही,
नाव ठेव विणकराचे, बाकी बंधन नाही.

मला त्या आवडल्या. पण इतका वेळ गप्प बसलेली एक मुलगी म्हणाली, "सर, शेवटचं खोटं आहे. एक बंधन आहे. मला पत्ते मिळाले, मी त्यात फेर केला आणि मग पेटीत कुलपात ठेवले, तर माझ्यामागून येणाऱ्याचं काय? काही परवान्यांत तशी मुभा असते. पण स्टॉलमनच्या परवान्यात नाही. घेतलं तसंच पुढे द्यायचं." सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग लिंबायतच्या मुलाने पाटीवर ती ओळ पुसली आणि लिहिले: 'घेतले तसेच द्यावे, आणिक अट नाही.' नाव राखण्याची अट तिसऱ्या ओळीत गेली. ही दुरुस्ती झाली, तेव्हा कुठे त्या घोषणांचे गाणे झाले.

आता चाल. सिनेमाची घेता येत नव्हती. ती कोणाची तरी मिळकत, आणि आपल्या गाण्याचा तर विषयच मुळी हा. मी सहज देसमधली एक चाल गुणगुणलो, रूपकात. मुलांनी ती झेलली. दोन आवर्तनांत शब्द तीवर असे बसले, जणू तिच्यासाठीच लिहिले होते. आणि माझ्या पोटात धस्स झाले, कारण ती चाल वडिलांची होती.

वडील १९४३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी बडोद्याच्या कलावंत कारखान्यात लागले. मौलाबक्षांनी १८८६ साली तिथे गायनशाळा काढली होती आणि चिजांची स्वरलिपी करून पुस्तके छापली होती. आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँसाहेब तर वडिलांच्या डोळ्यांदेखतचे. १९४९ च्या मे महिन्यात संस्थान विलीन झाले आणि वडिलांची दरबारी नोकरी सहा वर्षांत आटोपली. मी त्यांच्या उतारवयातला. मला आठवतात ते शिकवण्या करून घर चालवणारे वडील आणि त्यांची ती लोखंडी पेटी. तीत चिजांची वही. किल्ली जानव्याला.

या कुलपाला आज नावे ठेवणे सोपे आहे. पण ज्याच्याजवळ जमीन नाही, वतन नाही, त्याची चीज हेच त्याचे शेत होते. शिवाय वडिलांना एक चटका बसला होता. एका शिकाऊ गृहस्थाने त्यांची एक रचना उचलली आणि मुद्रा बदलून आपली म्हणून गायली. वडील तेव्हा काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून वहीला कुलूप लागले ते लागलेच.

वही आता बडोद्यास माझ्या ताईजवळ असते. कायद्याने रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क वारसांकडे राहतात. पण कायद्याची गोष्ट सोडा, ताईच्या संमतीवाचून मी ती चाल देणे शक्य नव्हते. मी फोन केला. सगळे ऐकून ती म्हणाली, "अरे, बाबांनी मला सख्ख्या मुलीला ती चीज चौदा वर्षांनी दिली. आणि तू ती वाटेवर ठेवणार?"

मी परवान्याची अट सांगितली. वापरा, बदला, वाटा; पण मूळ रचणाराचे नाव पुसू नका. संगणकाच्या आज्ञावल्यांना एक परवाना लावतात. गाण्या-चित्रांसाठी २००२ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आहेत, आणि त्यांतल्या एकात नाव राखणे आणि तसेच पुढे देणे या दोन्ही अटी आहेत. मराठी विकिपीडिया, जो १ मे २००३ ला सुरू झाला, तोही आज असल्याच परवान्याखाली आहे. ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मुद्रा राहणार ना? कागदावर नाव छापायचं, आणि गाण्याआधी तोंडाने उच्चारायचं. मग दे."

मला वाटले, प्रश्न मिटला. पण खरी परीक्षा पुढेच होती. तालमीत मुले अडखळू लागली. रूपकाची सम खालीवर. समुदायाला टाळ्या धरता येईनात. एके दिवशी मी वर्गात शिरलो, तो ती मंडळी माझ्या वडिलांची चाल हींचमध्ये गात होती. सहा मात्रा, आपल्या दादऱ्याचा सख्खा भाऊ! एक मात्रा सरळ कापून टाकलेली. टाळ्या मात्र कडकडीत पडत होत्या आणि झेलणाऱ्यांचा आवाज गच्चीपर्यंत जात होता.

मी रागावलो. "ज्याचे त्याला राहू द्या," म्हणालो. मुले ओशाळली, पण त्या गप्प मुलीने हळूच विचारले, "सर, बदलायची मुभा आपण दिली आहे ना?" उत्तर नव्हते म्हणून मी शिकवणी लवकर सोडली. कापड द्यावे, पत्तेही द्यावेत, हे मी मोठ्या मनाने कबूल केले होते. पण पत्त्याला दुसऱ्याने नवे भोक पाडलेले मात्र मला सोसले नाही.

रात्री ताईला तक्रार सांगितली. ती म्हणाली, "थांब, वहीच पाहते." पाने उलटल्याचा आवाज येत होता. मग तिने वाचून दाखवले. चिजेखाली बारीक अक्षरात वडिलांनी लिहिले होते: 'डभोईस उत्सवात एका वृद्ध बुवांकडून ऐकली, १९४८. त्यांची झपतालात होती. मी रूपकात बसवली, शब्द नवे घातले. बुवांचे नाव विचारावयाचे राहिले.'

दोघेही काही वेळ बोललो नाही. दहाच्या सात वडिलांनी केल्या होत्या. सातांच्या सहा या मुलांनी केल्या. मग ताई म्हणाली, "नाव विचारायला हवं होतं रे बाबांनी."

गाणे हींचमध्येच झाले. कॉलेजच्या सभागृहात मुलांनी ते म्हटले, तेव्हा शेवटच्या पालुपदाला समोरची मुले उभी राहून टाळ्या धरू लागली. सॉफ्टवेअर त्यांच्यापैकी कितीजणांच्या डोक्यात शिरले ते मी सांगू शकत नाही; 'घेतले तसेच द्यावे' मात्र जिना उतरतानाही ऐकू येत होते. मी रूपकातले मूळ रूपही स्वरलिपीत उतरवून बरोबर दिले आहे. ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे.

कागद छापण्यापूर्वी नावांचा क्रम लावावयाचा होता. शब्द: सात जणांची नावे. हींचमधली बांधणी: त्यांचीच. त्यावर, देस रूपक: वडिलांचे नाव, मुद्रेसह. ताईला कच्चा कागद पाठवला, तेव्हा तिने एकच दुरुस्ती सुचवली आणि ती आम्ही केली. वडिलांच्या नावाच्याही वर आता एक ओळ आहे: 'झपतालातली मूळ चाल, डभोई', आणि तिच्यापुढे नावासाठी मोकळी सोडलेली जागा.