कंटेनरमध्ये कामवाटप-व्यवस्थेचा प्रारंभ : कुडाळी बोलीच्या ध्वनिमुद्रणांच्या निमित्ताने

डॉ. अमृत माधव घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेतील 'कुडाळी' हा खंड १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी बोलीच्या अभ्यासकाचे भांडवल म्हणजे तयार कान, लेखणी आणि चिकाटी. आज कुडाळात एखाद्या वृद्ध निवेदकाचे बोलणे तासन्‌तास मुद्रित करून ठेवता येते. परंतु त्या मुद्रणातील स्वर वेगळे काढणे, त्यांची लांबी मोजणे, उच्चार व लेखन यांची जुळणी लावणे ही कामे संगणकाकडे सोपविल्यावाचून आटोक्यात येत नाहीत. मुद्रणांची संख्या शेकड्यांत गेली की घरचा एक संगणक अपुरा पडतो आणि अभ्यासकास महासंगणकाच्या दारी जावे लागते.

त्या दारी रांग असते. अनेक यंत्रे जोडून केलेल्या संगणकसमूहावर कोणी परस्पर काम चालवीत नाही. किती प्रक्रियक, किती स्मृती आणि किती वेळ हवा हे लिहून कामाचा खर्डा द्यावयाचा, आणि जागा रिकामी होताच कामवाटप-व्यवस्थेने तो योग्य यंत्राकडे धाडावयाचा, अशी पद्धत आहे. 'स्लर्म' ही अशी एक व्यवस्था होय. तिचा उगम अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत झाला. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये बसविलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणकही तिचाच अवलंब करतो. खर्ड्यात ध्वनिफितीचा पत्ता चुकला, तर रात्रभर रांगेत थांबलेले काम दोन सेकंदांत कोसळते आणि पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहावे लागते. विद्यापीठापासून दूर बसून काम करणाऱ्यास ही हानी विशेष जाणवते. म्हणून रंगीत तालीम घरीच करावी, आपल्याच संगणकावर स्लर्म सुरू करून खर्डा पारखावा, हा विचार स्वाभाविक आहे; आणि ती तालीम 'कंटेनर'मध्ये करणे सोयीचे पडते.

कंटेनर म्हटले की कुडाळच्या माणसास मुंबई-गोवा महामार्गावरील लोखंडी पेटी आठवेल, आणि ते गैर नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डॉकर'ने रूढ केलेली ही आज्ञावलीची पेटी तशीच कोणत्याही धक्क्यावर उतरविता येते. मात्र पेटी म्हणजे घर नव्हे. मूळ यंत्राचा लिनक्स गाभाच ती वापरते; परंतु संगणक सुरू होताना पडद्यामागे जी अनेक कामे आपोआप होतात, त्यांतील बहुतेक तिच्यात होत नाहीत. स्लर्म येथे अडते ते प्रायः याच कारणाने.

स्लर्मचे मुख्य भाग म्हणजे पाठीमागे अदृश्यपणे बसून राहणारे कार्यक्रम. इंग्रजीत त्यांना 'डेमन' म्हणतात; मॅक्सवेलच्या काल्पनिक भुतावरून हे नाव पडले. त्याला 'राक्षस' म्हणणे चुकीचे ठरेल. दक्षिण कोकणात गावोगाव मानला जाणारा 'राखणदार' हाच शब्द येथे चपखल बसतो : दिसत नाही, पण शिवेवर जागा असतो. स्लर्मचा नियंत्रक हा एक राखणदार, प्रत्येक यंत्रावरील 'स्लर्मडी' हा दुसरा, हिशेब ठेवणारा तिसरा. आणि या साऱ्यांना एकमेकांची ओळख पटविणारा 'मंज' हा चौथा.

प्रारंभ मंजपासून करावा लागतो. सर्व पेट्यांत त्याची किल्ली अक्षरशः एकच हवी, आणि ती मंजखेरीज कोणास वाचता येता कामा नये. परवानग्या सैल दिसल्या तर तो सुरू होण्यासच नकार देतो. त्याला बसावयास लागणारी 'रन' निर्देशिकेतील जागा सामान्य यंत्रावर आपोआप तयार होते. पेटीत ती बहुधा हाताने करावी लागते. पुढचा अडथळा नावाचा. डॉकर प्रत्येक पेटीस बारा अक्षर-अंकांचे यादृच्छिक नाव देतो, आणि स्लर्मच्या मांडणीपत्रकात तर नियंत्रकाचे नाव आधीच लिहिलेले असते. दोन्ही जुळली नाहीत की नियंत्रक स्वतःसच ओळखत नाही. म्हणून पेटी उघडतानाच तिला नाव द्यावे.

त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी की पेटीचे आयुष्य तिच्यातील पहिल्या प्रक्रियेइतकेच असते. राखणदाराने नेहमीच्या सवयीप्रमाणे पाठीमागे जाऊन बसावे आणि पहिली प्रक्रिया संपावी, की पेटीच मिटते. नवशिक्यास वाटते की स्लर्म बिघडला. नियंत्रक व स्लर्मडी यांना 'डी' हा पर्याय मोठ्या लिपीत देऊन पुढेच बसवून ठेवणे हा त्यावर उपाय. हिशेबाचा राखणदार ज्या माहितीकोशावर विसंबतो, त्याची पेटी सुरू झाली म्हणजे तो उत्तर देऊ लागला असे नव्हे. उठणे वेगळे, जागे होणे वेगळे. हा भेद मराठीस ठाऊक आहे, डॉकरला तो सांगावा लागतो. नव्या आवृत्त्यांत कामांवर मर्यादा घालणारे 'सीग्रुप' हे साधन 'सिस्टमडी'ची अपेक्षा धरते. ती मांडणीत एका ओळीने काढून टाकता येते.

यंत्राचे वर्णनही खरे द्यावे. चार प्रक्रियक असता आठ लिहिले तर स्लर्म ते यंत्र बाजूस काढतो. 'स्लर्मडी'ला मोठ्या लिपीतील 'सी' पर्याय दिला की तो यंत्राचे नेमके वर्णन स्वतःच छापून देतो. तेच उतरवून घ्यावे. नंतर 'एसइन्फो'ने यंत्र रिकामे असल्याचे दाखविले की आधी केवळ यंत्राचे नाव छापणारे काम धाडावे, मग एकच ध्वनिफीत, आणि त्यानंतर सर्व फितींची कार्यमालिका.

ही तालीम वेग शिकवीत नाही. चार प्रक्रियकांवर दोन यंत्रांचे सोंग आणले, तरी प्रक्रियक चारच राहतात. मोठ्या यंत्रावर किती वेळ मागावा याचा अंदाज येथून बांधणे धोक्याचे आहे. घड्याळांची अडचणही येथे दिसत नाही, कारण सर्व पेट्या एकाच यंत्राचे घड्याळ पाहतात. खऱ्या समूहात मात्र मंजचे ओळखपत्र साधारणतः पाच मिनिटांत कालबाह्य होते, आणि मागे पडलेल्या घड्याळाचे यंत्र इतरांस परके ठरते.