सौंदर्याचं गाव फैजपूर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात चुलीवर पालथं खापर चढतं. सैल, लवचिक कणकेत पुरण भरून सुगरण ती पोळी दोन्ही हातांवर झुलवत वाढवते आणि अलगद खापरावर टाकते. जेवणारा म्हणतो, "सुंदर झालाय मांडा." चवीला, की दिसायला? की करणारीचे हात पाहून त्याला तसं वाटलं? 'सुंदर' आपण पावसाला म्हणतो, भाषणाला म्हणतो, चौकाराला आणि तान्ह्या बाळालाही म्हणतो. इंग्रजीतलं 'ब्यूटिफुल'ही असंच सढळ हाताने वापरलं जातं.

या शब्दाला शिस्त लावण्यासाठी मराठीत सर्वांत हट्टाने झटलेला माणूस याच मुलखातला. बाळ सीताराम मर्ढेकर १ डिसेंबर १९०९ला फैजपूरला जन्मले. सारे त्यांना कवी म्हणून ओळखतात. पण १९३७ साली 'आर्ट्स अँड मॅन' हे इंग्रजी पुस्तक आणि १९५५ साली 'सौंदर्य आणि साहित्य' लिहिणारे मर्ढेकर मला तितकेच मोठे वाटतात.

त्यांचं म्हणणं कडक होतं. 'हे सुंदर आहे' म्हणजे 'हे मला आवडतं' नव्हे, 'हे उपयोगी आहे' नव्हे आणि 'हे नीतीला धरून आहे' असंही नव्हे. जर्मन तत्त्वज्ञ कांट यानेही १७९० साली सुंदर हे सुखद आणि चांगलं यांपासून वेगळं काढलं होतं. मर्ढेकरांनी पुढे रचनेकडे बोट दाखवलं. रंग, सूर, आकार यांच्या संवेदना एकमेकींशी जुळतात, एकमेकींना विरोध करतात, तोल सांभाळतात. संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या तत्त्वांनी बांधलेली रचना सुंदर ठरते. साहित्यात ही मांडणी अडते, कारण शब्दाला अर्थ चिकटलेला असतो. म्हणून साहित्याचं माध्यम त्यांनी 'भावनात्मक अर्थ' असं ठरवलं.

हा विचार पटायला अवघड वाटला, तर त्यांचीच 'काही कविता' (१९४७) उघडावी. पिंपात मेलेल्या उंदरांवरची कविता त्यातच आहे. ओल्या पिंपातले मेलेले उंदीर रोजच्या बोलण्यात कुणी सुंदर म्हणणार नाही. तरी ती कविता वाचकाला सोडत नाही, कारण तिच्यातल्या भावनांची रचना पक्की आहे. या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यातून मर्ढेकर निर्दोष सुटले.

पण फैजपूरने सौंदर्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे, तीही 'आर्ट्स अँड मॅन' निघण्याच्या आदल्याच वर्षी. डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन इथे भरलं. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. अधिवेशनाची नगरी सजवायला गांधीजींनी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं. साहित्य आसपास मिळेल तेवढंच वापरायचं, अशी अट होती. नंदलालबाबूंनी बांबूंतून आणि साध्या गावठी सामानातून टिळकनगर उभं केलं आणि गांधीजींनी जाहीर भाषणात त्यांच्या कामाचं कौतुक केलं. त्या नगरीत उपयोग, काटकसर आणि रूप वेगळं काढता येत नव्हतं. सावली देणारा मांडवच डोळ्यांना सुखावत होता.

म्हणजे एकाच गावातून दोन उत्तरं आली. समीक्षक रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा'त (१९७४) हा पेच नेमका पकडला. त्यांच्या मते सौंदर्याच्या संकल्पनेला दोन ध्रुव आहेत, सौंदर्य जगण्याशी जोडणारा लौकिकतावादी आणि ते जगण्यापासून वेगळं मानणारा अलौकिकतावादी. त्यातला एक पुसून टाकला की संकल्पनाच लंगडी होते. मला पाटणकर पटतात. मांड्याची चव, त्याचा पातळपणा आणि करणारीचे हात ही तिन्ही कारणं खरीच आहेत. मात्र ती तीन वेगळी आहेत हे मर्ढेकरांनी बजावल्याशिवाय आपल्याला दिसलं नसतं.

२० मार्च १९५६ला मर्ढेकर दिल्लीत वारले. त्याच वर्षी 'सौंदर्य आणि साहित्य'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. खानदेशातल्या प्रत्येक वाचनालयात हे पुस्तक त्यांच्या कवितांशेजारी असायला हवं, आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी दोन्ही एकत्र वाचायला हवीत.