थट्टा की छळ? डॅन ओल्वेउस यांची व्याख्या

बनारसला दुर्गाघाटावरच्या आमच्या मराठी वाड्यात एक मुलगा पाय ओढत चालायचा. आम्ही त्याला ‘आंबा’ म्हणायचो, कारण बनारसचा लंगडा आंबा प्रसिद्ध. मीही तशी हाक मारलेली आहे.

ही थट्टा की छळ? स्वीडनमध्ये जन्मलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस (१९३१–२०२०) यांनी बुलिंग ओळखण्याच्या तीन खुणा सांगितल्या: दुखावण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि बळातली तफावत. हेतू आम्ही नाकारला असता. तफावत कशी नाकारणार? घाटाच्या पायऱ्या आम्ही पाचजण धावत चढायचो. तो कठड्याला धरून.

१९८२ अखेर नॉर्वेत छळाला कंटाळून तीन मुलांनी आत्महत्या केली. पुढच्या वर्षी देशव्यापी मोहीम निघाली. ओल्वेउस यांनी बर्गनमध्ये सुमारे २,५०० विद्यार्थ्यांचा पाठपुरावा केला. सोसणाऱ्याला ‘दुर्लक्ष कर’ असे न सांगता त्यांनी वर्गाचे नियम, मधल्या सुट्टीतली देखरेख, पालक आणि बघ्यांवर काम केले. छळ बराच घटला.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने समावेशक शिक्षणाची जबाबदारी संस्थांवर टाकली आहे. रॅम्प बांधला की ती संपली, असे बरेचजण समजतात. तुमच्या वर्गात प्रोजेक्टचे गट पडतील तेव्हा दिव्यांग सहाध्यायाला शेवटी कोण घेते, ते लिहून ठेवा. पुढच्या तासाला त्यावर बोलू.