अनुदानावरील संशोधक आणि वर्गातील तास

डॉक्टरेटनंतरच्या संशोधनासाठी अमेरिकेस जाणाऱ्या आपल्या तरुणांत एक समज घट्ट रुजलेला आढळतो, तो असा की, ज्याचा मुशाहिरा सरकारी अनुदानातून निघतो त्याला वर्गात शिकविण्यास कायद्याने मज्जाव आहे. असा सरसकट मज्जाव तेथे नाही. अनुदानाच्या खाती पडणारा पगार प्रत्यक्ष झालेल्या कामाशी जुळावा आणि त्याची दफ्तरी नोंद असावी, एवढाच संघराज्य सरकारच्या हिशेबी नियमांचा कटाक्ष असतो. ज्याच्या कामाचा दहावा हिस्सा नेमून दिलेल्या अध्यापनात जातो, त्याच्या पगाराचा तेवढा हिस्सा अन्य निधीतून दिला गेला पाहिजे.

दुसरा समज अधिक घातक, कारण तो सद्भावनेतून जन्मतो: जादा मोबदला न घेता संध्याकाळी शिकविले, तर हरकत कोणाची? परंतु या हिशेबातील १०० टक्के म्हणजे आठवड्याचे ४० तास नव्हेत. संस्थेने पगारादाखल सोपविलेले समग्र काम म्हणजे १०० टक्के. सबंध पगार अनुदानातून घेणाऱ्यावर विभागाने एखादा अभ्यासक्रम सोपविला, की तो आकडा खोटा ठरतो, मग ते काम रात्री होवो वा सुटीच्या दिवशी. विभागातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी विनंतीला भिडेखातर होकार देणाऱ्या परक्या तरुणाच्या माथी ही जोखीम यावी, हे मला फार अन्यायाचे वाटते. चालू संशोधनाच्या एखाद्या अंगावरील विशेष व्याख्यान मात्र त्या कामातच धरण्यास नियमांत वाव आहे.

शिष्यवृत्तिधारकांची गोष्ट निराळी. १९७४ च्या कायद्याने सुरू झालेल्या आणि आज रूथ किर्श्टाइन यांचे नाव धारण करणाऱ्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीत पूर्णवेळ प्रशिक्षणाखेरीज आठवड्यास सुमारे १० तास सवेतन अध्यापनाची मुभा आहे, मात्र त्यामुळे प्रशिक्षणात व्यत्यय येता कामा नये आणि त्याची मुदत लांबता कामा नये. ही शिष्यवृत्ती नागरिकांस व कायम रहिवाशांसच मिळते. म्हणून व्हिसावर गेलेल्याने शेजारच्या अमेरिकन सहकाऱ्याचा दाखला स्वतःस लावू नये. जे-१ व्हिसाधारकास तर अन्य संस्थेत व्याख्यान देण्यापूर्वी आपल्या प्रायोजकाची लेखी मंजुरी घ्यावी लागते.

अध्यापन म्हणजे संशोधनातील कुचराई, असे अनुदान देणारेही मानीत नाहीत. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या गणितातील शिष्यवृत्तीत काही काळ अर्ध्या वेळेचे संशोधन पत्करून उरलेल्या वेळात शिकविण्याचा पर्यायच ठेवलेला आहे. वर्ग हवा असणाऱ्याने तो अवश्य मागावा. पण सत्र सुरू होण्यापूर्वी पगाराची नवी विभागणी अनुदानाचे हिशेब पाहणाऱ्या कचेरीकडून कागदावर करून घ्यावी, केवळ मार्गदर्शकाच्या शब्दावर विसंबू नये.